तिरकं हाय

आमच्या सोसायटीतली मुलं लिफ्टमध्ये भेटली की मला "हाय आजी" म्हणतात. मी नुसती मान हलवते. मुलांना वाटतं म्हातारी शिष्ट आहे, आणि ते काही अगदीच खोटं नाही. पण "हाय" न म्हणण्याचं कारण शिष्टपणा नाही. तो शब्द ऐकला की मला भिंताडे सर आठवतात, आणि मग तिसरा मजला कधी आला ते कळत नाही.

सरांना जाऊन आता दोन पावसाळे झाले. मला ती बातमी उशिरा कळली, तीही वर्तमानपत्रातल्या एका छोट्या चौकटीतून. "निवृत्त शिक्षक व प्रगतिशील शेतकरी" असं तिथे छापलं होतं. यातलं दुसरं धादांत खोटं. शेतीत ते कधीच प्रगतिशील नव्हते. एक म्हैस, थोडी ज्वारी आणि कायम पडलेला बांध एवढीच त्यांची शेती. आणि पहिलं खरं असलं तरी अपुरं आहे. जड अणूंची केंद्रकं एकमेकांवर आदळली की त्यांचं काय होतं, एक होतात की नुसतीच भेटून फुटतात, या एका प्रश्नाशी या माणसानं अख्खी हयात काढली. चौकटीत ते मावलं नसतं हे मला समजतं. तरी वाईट वाटलं.

किसन गणपत भिंताडे आमच्या भौतिकशास्त्र विभागात आले तेव्हा मी तिथे जुनी झाले होते. संस्थेचं नाव सांगत नाही. पुण्यात संस्थेचं नाव घेतलं की ऐकणारा लगेच बाजू घेतो. भिंताडे मुठेच्या वरच्या अंगाच्या एका गावचे. तेव्हा पुणं जिथे संपायचं, त्याच्या बरंच पुढे ते गाव होतं. घरात नांगर धरणारी माणसं, आणि हा एकटा मुंबईला जाऊन पीएच.डी. करून आलेला. अंगानं किरकोळ, रंगानं रापलेले, शर्टाची बाही कायम दुमडलेली. पहाटे उठून धार काढायची, दूध डेअरीला घालायचं आणि मग स्कूटरवरून विभागात यायचं. दुधाचा कॅन अडकवायचा आकडा स्कूटरला तसाच असायचा. त्याच आकड्याला कधीकधी प्रयोगातले तुकडे टिपणाऱ्या मापकाची पितळी चौकट लटकलेली असायची. ती ते कसबा पेठेतल्या एका तांबटाकडून ठोकून आणत.

आल्या आल्या स्टुलावर बसायचे आणि म्हणायचे, "दमलो बुवा." त्यात तक्रार नसायची. आपण "नमस्कार" म्हणतो तसं ते "दमलो बुवा" म्हणत. सकाळी म्हणत, दुपारी म्हणत, पगार झाला तरी म्हणत. सुरुवातीला मी काळजीनं विचारायची, "का हो, काय झालं?" पुढे मीही "बसा" एवढंच म्हणू लागले.

आमचे विभागप्रमुख साठे सर. विद्वान, सडेतोड, आणि जिभेला धार अशी की समोरच्याला कापलं गेल्याचं घरी गेल्यावर कळायचं. त्यांचा एक रिवाज होता. नव्या शिक्षकाचा पहिला तास विभागातल्या सगळ्यांनी मागच्या बाकांवर बसून ऐकायचा. भिंताड्यांचाही आम्ही ऐकला. फळ्यावर त्यांनी एक सुरेख वर्तुळ काढलं, वर्गाकडे वळले आणि म्हणाले, "आता या केंद्रकात काय हाय, ते बघू."

वर्ग हसला. त्यांना का ते कळलं नाही. त्यांनी वळून वर्तुळ पुन्हा तपासलं.

तास खरोखर उत्तम झाला. नंतर चहाच्या वेळी साठे सर सगळ्यांसमोर म्हणाले, "भिंताडे, विषयाची तयारी चोख आहे. फक्त एक सुचवू? 'हाय' आपण भेटल्यावर म्हणतो. तासाच्या मध्येच अभिवादन कशाला?"

सगळे हसले. विनोद चांगला होता, हे मी आजही नाकारत नाही. भिंताडेही हसले. पुढचे काही दिवस मात्र प्रयोगशाळेच्या बाजूनं जाताना मला आतून आवाज ऐकू यायचा. सर निर्वात पंपाशी उभे राहून म्हणत असायचे, "पंप चालू आहे. तेल भरलेलं आहे. आहे. आहे." त्यांनी तो शब्द स्वतःच्या तोंडात असा बसवला की पुढे वर्षानुवर्षं विभागात कुणी त्यांच्या तोंडून "हाय" ऐकला नाही. मुलांनी दिलेलं टोपणनाव तेवढं टिकलं: "हाय एनर्जी". आमच्या शास्त्रात "हाय एनर्जी" ही वेगळी शाखा, आणि भिंताडे त्यातले नव्हेत. ते कमी ऊर्जेच्या टकरी अभ्यासणारे. कुणीतरी ते नाव त्यांच्या कानावर घातलं तेव्हा ते म्हणाले, "पोरांना सांगा, माझी लो एनर्जी आहे. पहाटेपासून उभा आहे मी."

त्यांचा एक दोष मात्र मला फार उशिरा दोष वाटू लागला. काहीही वेडंवाकडं झालं की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे: "माझंच काहीतरी चुकलं असणार." विभागातलं भिंतीवरचं घड्याळ एकदा मागे पडलं. सरांचं मनगटावरचं घड्याळ बरोबर होतं. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, मनगटाकडे पाहिलं आणि मनगटावरचं मागे केलं. पुढचे काही दिवस सर विभाग सोडून बाकी सगळीकडे उशिरा पोचत होते. डेअरीवाल्यानं दूध परत पाठवलं तेव्हा त्यांना शंका आली. मी म्हटलं, "अहो, भिंतीवरचं घड्याळ चुकू शकत नाही का?" ते म्हणाले, "संस्थेचं आहे ना ते."

सरांचा विषय साध्या मराठीत सांगायची माझी पात्रता नाही. तो सरांनीच सांगितलेला बरा. शनिवार पेठेतल्या एका सभागृहात त्यांचं एकदा व्याख्यान ठेवलं होतं. श्रोते बहुतेक निवृत्त, काही पंख्याखाली बसायला आलेले. सरांनी सांगितलं की गंधकाचं केंद्रक वेगानं शिशाच्या केंद्रकावर सोडलं तर दोन गोष्टी होऊ शकतात. एक, दोघं पुरती एकजीव होतात. मग त्या नव्या केंद्रकाला आपण कशापासून झालो हे आठवतसुद्धा नाही, आणि ते आपल्या धर्मानं फुटतं. दुसरी, दोघं चिकटतात, थोडी देवाणघेवाण करतात आणि एक होण्याआधीच सुटतात. दोन्हीत शेवटी हाताला दोन तुकडेच लागतात. तुकडे बघून आधी काय झालं होतं ते ओळखायचं, हा सगळा खेळ.

पुढच्या रांगेतले एक आजोबा उठले. "म्हणजे दोन्ही काडीमोडच की."

"नाही आजोबा," सर म्हणाले. "काडीमोड व्हायला आधी लग्न लागावं लागतं. दुसऱ्यात काय झालं? सुपारी फुटली, याद्या झाल्या, वऱ्हाड मांडवाच्या दाराशी आलं आणि तिथूनच माघारी फिरलं. लांबून बघणाऱ्याला दोन्हीकडे सारखंच दिसतं, दोन घरं वेगळी. पण एकात संसार होऊन मोडला, आणि एकात संसार झालाच नाही. पहिल्याला काडीमोड म्हणा. दुसऱ्याला मी सुपारीमोड म्हणतो."

सभागृह खूष. अध्यक्षस्थानी साठे सर होते. समारोपात ते म्हणाले, "शब्द चांगला आहे, पण भिंताड्यांनी तो पाठ्यपुस्तकात घालू नये. मुलं परीक्षेला अडकित्ता घेऊन येतील."

गंधक आणि शिसं यांच्या जोडीबद्दल सरांची खात्री होती. या दोघांचं लग्न लागतंच, असं ते म्हणत. आकडेमोड माझी होती आणि तीही तेच सांगत होती. ते प्रयोगानं दाखवायला आम्ही दिल्लीला गेलो. केंद्रकांना वेग देणारं एवढं मोठं यंत्र पुण्यात नाही. दिल्लीच्या यंत्राचा झोत मिळायला अर्ज करून वाट बघावी लागते, आणि मिळतो तोही मोजक्या दिवसांचा. शिशाचा पापुद्रा इतका पातळ असतो की जवळ शिंकलं तरी फाटतो. सर त्याचा डबा मांडीवर धरून गाडीत बसले होते. पुण्यापासून दिल्लीपर्यंत त्यांनी मला एकदाही खिडकी उघडू दिली नाही.

तिथे एका दुपारी पडद्यावर पहिलं चित्र उमटलं. तुकडे किती जड आहेत आणि कुठल्या दिशेनं जातात याचं ते चित्र. दोन्ही केंद्रकं खरोखर एक झाली असतील तर ते दोन्ही बाजूंना सारखं यायला हवं, सरळ. सर याला फुगडीचं उदाहरण देत. दोघी हात धरून भरपूर गरगरल्या की हात सुटल्यावर कोण कुठे फेकली जाईल याचा नेम नसतो. पण अर्ध्याच गिरकीत हात सुटले तर कोण कुठल्या बाजूनं आली होती, ते पडल्या जागेवरून कळतं. आमचं चित्र सरळ नव्हतं. फार नाही, पण जड तुकडे एका अंगाला आणि हलके दुसऱ्या अंगाला, असं ते किंचित कलंडलेलं होतं.

सरांचा चेहरा उतरला. झोत थांबवून ते आत गेले. खिशातून गवंड्याचा ओळंबा काढला. तोही कसब्यातल्याच दुकानातला, तांबटाच्या शेजारचा. जमिनीवर पालथे पडून त्यांनी मापकाच्या कडेवरून ओळंबा सोडला, खालच्या खुणेशी ताडून पाहिला. पुन्हा सोडला, पुन्हा पाहिला. कपड्यांना धूळ लागली होती.

"काय सांगतोय?" मी विचारलं.

"सरळ सांगतोय." ते उठून बसले. "पण चित्र तिरकं आलंय बाई. म्हणजे मापक बसवण्यात माझंच काहीतरी तिरकं गेलं असणार. ओळंब्याला कळत नसेल."

पुण्याला परत आल्यावर त्यांनी हिशेबात मापक तेवढ्या अंशांनी फिरवलं. चित्र सरळ झालं. निबंध बाहेरच्या मोठ्या नियतकालिकात छापून आला, आणि "या जोडीत सुपारीमोड होत नाही" असा त्याचा निष्कर्ष होता, अर्थात इंग्रजीत. विभागाचं नाव झालं. साठे सरांनी ते सरळ चित्र मोठं करून, काचेची चौकट करून व्हरांड्यात लावलं. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तिथे उभं करून ते म्हणत, "हे आमचे भिंताडे." सर तेवढा वेळ चपलेच्या अंगठ्याकडे बघत उभे राहायचे.

त्यानंतर बरीच वर्षं गेली, आणि ती अशीतशीच गेली. सरांचं गाव महापालिकेत आलं. सरकारी शब्द "विलीन". सर म्हणाले, "बाई, विलीन झालं म्हणजे पाटी बदलली. टँकर तोच आहे." भावाभावांच्या वाटण्या झाल्या, एका घरात तीन चुली पेटल्या, बांधापलीकडे चौदा मजल्यांची इमारत उभी राहिली. तिच्या सावलीत सरांची ज्वारी पिवळी पडायची. गावात त्यांना "पुण्याचा मास्तर" म्हणत आणि पुण्यात "गावाकडचे भिंताडे". प्रोफेसरच्या जागेसाठी दोनदा मुलाखत झाली, दोनदा नाही झालं. पहिल्या वेळी कुणीतरी त्यांच्या इंग्रजी उच्चारांवर बोललं म्हणतात. "दमलो बुवा" आता नमस्कारासारखं वाटेनासं झालं होतं. मीही दमले होते. आमच्या विभागात तेव्हा न दमलेला माणूस शोधावा लागला असता.

मग रेश्मा आली. सरांची शेवटची संशोधक विद्यार्थिनी. येरवड्याहून दोन बस बदलून यायची, बोलायची कमी, आणि यंत्र तिच्या हाती मुकाट चालायचं. सरांनी तिला जुनीच जोडी दिली, गंधक आणि शिसं, फक्त अधिक बारकाईनं मोजायला. या वेळी दिल्लीकरांनी स्वतःची नवी मोठी मापकं बसवली होती. ती एकटी गेली, मोजून आली, आणि महिनाभर हिशेब करून एक दिवस चित्र घेऊन सरांच्या टेबलाशी उभी राहिली. मी तिथेच पेपर तपासत होते.

"सर, तिरकं येतंय," ती म्हणाली. रडायच्या बेतात होती. "मी सगळं तीनदा तपासलं. माझंच काहीतरी चुकलं असणार."

सरांनी चित्र हातात घेतलं. सवयीनं त्यांचं तोंड उघडलं, "नाही, माझंच काही..." आणि ते थांबले.

"पण ही मापकं मी बसवलेली नाहीत," ते म्हणाले.

जुनी मोजमापं संगणकात होती. त्यांनी रेश्माला ती पुन्हा काढायला सांगितली, पण मापक न फिरवता, जशी आली होती तशी. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली. सख्ख्या बहिणींसारखी दिसत होती. तोच कल, त्याच बाजूला. परदेशातल्या एका गटानं असाच कल जवळच्या एका जोडीत दाखवून नाव मिळवलेलं होतं, सरांच्या दिल्लीवारीनंतर काही वर्षांनी. सरांना तो कल त्यांच्याआधी दिसला होता. दिसला होता आणि त्यांनी तो पुसला होता.

रेश्मा गेल्यावर सर स्टुलावर बसून राहिले. "बाई, ओळंबा सरळ होता," ते म्हणाले. "मी माझ्या हातानं सोडला होता. सरळ होता. चित्र बिचारं 'हाय' म्हणत होतं, मी त्याला 'आहे' म्हणायला लावलं."

मी त्यांना चहा आणून दिला. तो त्यांनी गार करून घेतला.

खरी अडचण पुढेच होती. येत्या आठवड्यात प्रोफेसरच्या जागेची तिसरी आणि त्यांच्या वयात शेवटची मुलाखत होती, आणि त्यांची सगळी भिस्त त्या व्हरांड्यातल्या चित्राच्या निबंधावर. सर म्हणाले, मुलाखतीत मी हे सांगणार. मला संताप आला. मी चांगलाच आवाज चढवून म्हणाले, "अहो, शहाणे आहात का? आठ दिवस गप्प बसा. जागा मिळू द्या. मग कळवा काय कळवायचं ते. केंद्रकं कुठे पळून जात नाहीत!"

"आणि रेश्मा?" त्यांनी विचारलं.

"रेश्माचं काय? तिचा प्रबंध पुढच्या वर्षी आहे."

"त्याच मुलाखतीला तिचे परीक्षक बसणार आहेत बाई. तिथे मी जुनं चित्र दाखवून मान हलवली, की तिचं नवं चित्र चूक ठरलं. ती काय करेल? मापक फिरवेल. मी केलं तेच करेल." त्यांनी खिशातला रुमाल काढून कपाळ पुसलं. आणि मग इतक्या वर्षांनी, विभागाच्या भिंतींच्या आत, त्यांच्या तोंडून ते आलं. "पोरीला वाटंल, तिचंच तिरकं हाय."

ते बोलून गेल्याचं त्यांना कळलं नाही. माझा आवाज मात्र खाली आला.

मुलाखतीला मी अर्थातच नव्हते. साठे सर निवृत्त झाले होते, पण संस्थेच्या वतीनं समितीत बसायचे. दुसऱ्या दिवशी ते मला रस्त्यात भेटले, छत्रीच्या टोकानं फरशी टोचत उभे राहिले आणि म्हणाले, "तुमच्या भिंताड्यांनी कमाल केली. समितीनं त्या निबंधाची स्तुती केली, तर हे म्हणतात, तो निष्कर्ष चूक आहे, माझ्याच हातून चूक झाली, खरं चित्र माझ्या विद्यार्थिनीकडे आहे, तिला विचारा. पत्रिका जुळवायला बसल्यावर नवऱ्या मुलानं स्वतःच मंगळ सांगितला हो!"

"मग?" मी विचारलं.

"मग काय? समितीला मंगळ चालत नाही." ते निघाले. दोन पावलांवर थांबून, मागे न वळता म्हणाले, "ती चौकट मी लावली होती."

जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. बरा माणूस होता, त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. सरांनी नियतकालिकाला दुरुस्ती पाठवली. ती कोपऱ्यात छापून आली आणि फार कुणी वाचली असेल असं वाटत नाही. व्हरांड्यातली चौकट त्यांनी स्वतः स्टुलावर चढून काढली. भिंतीवर तेवढा चौकोन स्वच्छ राहिला होता, आणि पुढे रंग देईपर्यंत तो तसाच दिसायचा. रेश्माचा प्रबंध मान्य झाला. त्यात तिचं चित्र तिरकं होतं आणि पहिल्या पानावर सरांचे आभार होते. ती नोकरीसाठी बाहेरगावी गेली. जाताना सरांनी तिला ओळंबा दिला. "विश्वास ठेवायचा याच्यावर," एवढंच म्हणाले. उरलेली वर्षं त्यांनी पहिल्या वर्षाच्या मुलांना घर्षण आणि तरफा शिकवण्यात काढली. तेही मन लावून.

त्यांच्या निरोपाचा कार्यक्रम विभागातच झाला. शाल, श्रीफळ, पेढे, दोन भाषणं. साठे सर काठी टेकत आले होते आणि पहिल्या रांगेत बसले होते. रेश्मा एक दिवसाची रजा काढून आली होती. सरांना बोलायला सांगितलं. त्यांनी सगळ्यांचे आभार मानले, अगदी शुद्ध भाषेत, प्रत्येक "ण" आणि "ळ" जागच्या जागी. वाक्यं घोटून आलेली होती. मग त्यांनी पडद्यावर एक चित्र लावायला सांगितलं. ते जुनं दिल्लीचं चित्र होतं, न फिरवलेलं. विभागातल्या बऱ्याच जणांनी ते पहिल्यांदाच पाहिलं.

सर त्याच्याकडे बघत उभे राहिले. तयार भाषण संपलं होतं.

"हे बघा," ते म्हणाले. "हे तिरकं हाय. मी त्याला लई वर्षं सरळ धरून ठिवलं. पण ते तिरकंच हाय. शिसं कुठनं आलं, गंधक कुठनं आलं, ते त्यांच्या ध्यानात ऱ्हायलंय. एवढंच सांगायचं होतं."

कुणी हसलं नाही. मागच्या बाकावरच्या मुलांना कदाचित त्यात हसण्यासारखं काही वाटलंही नसेल. मी साठे सरांकडे पाहिलं. मनात म्हटलं, आता हे काहीतरी बोलणार, आणि आज बोलले तर मीही गप्प बसणार नाही. साठे सर काठीवर जोर देऊन उठले. चष्मा पुसला, पडद्याकडे नीट पाहिलं.

"भिंताडे," ते म्हणाले, "किती अंशांनी?"

इतक्या वर्षांत त्यांनी सरांना विषयातला प्रश्न विचारल्याचं मला तरी आठवत नाही. सर क्षणभर गोंधळले. मग म्हणाले, "तीनेक अंश, सर. जास्त न्हाई."

"तीन पुष्कळ झाले," साठे सर म्हणाले आणि खाली बसले.

कार्यक्रम संपल्यावर मी फाटकापर्यंत सरांबरोबर गेले. शाल त्यांनी घडी करून डिकीत टाकली, आणि नारळ पिशवीसकट दुधाच्या कॅनच्या आकड्याला अडकवला. संध्याकाळच्या गर्दीत सगळी वाहनं डावीकडे, शहराकडे वळत होती. सरांना उजवीकडे जायचं होतं. ते रस्ता मोकळा व्हायची वाट बघत स्कूटरवर बसून राहिले. चेहरा फार थकलेला दिसत होता. उगीच काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं, "सर, बरं आहे ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नेहमीप्रमाणे म्हणाले, "दमलो बुवा." मग किंचित हसले, आणि स्कूटरचा आवाज वाढवत म्हणाले, "पण हाय."

रस्ता मोकळा झाला आणि ते उजवीकडे गेले. आकड्याला अडकवलेला नारळ वळणापर्यंत हलताना दिसत होता.